उसनं नाक

मावशीच्या बेकरीतल्या भाचीचं नाक नेमकं त्याच दिवशी चोंदलं. "आजचा वाढदिवसाचा केक तू एकटीनं कर. जमला तर भट्टी तुझी, नाहीतर परत काउंटरवर पाव बांधायला!" असं बजावून मावशी बाहेर गेली होती. आणि मावशीचा दंडक असा, की व्हॅनिला चमच्यानं नाही, नाकानं मोजायचा. कारण प्रत्येक बाटलीचा जोर वेगळा.

फेटलेल्या लोण्या-साखरेत तिनं एक टोपण ओतलं, वाकून हुंगलं... काही नाही. तेवढ्यात समोरचा घड्याळं दुरुस्त करणारा आत आला. डोळ्यावरचं भिंग घाईत कपाळावरच राहिलं होतं.

"एक पाव द्या."

"देते. आधी हे हुंगा!" तिनं भांडं थेट त्याच्या नाकाखाली धरलं.

तो भांड्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत म्हणाला, "अं... छान आहे."

"छान नको. पुरेसं आहे का, ते सांगा."

"पुरेसं...? नाही बुवा. अजून थोडं चालेल."

दुसरं टोपण पडलं. त्यानं डोळे मिटून लांब श्वास घेतला. "हं... जवळ आलंय."

"काय?"

"वास — वासच!"

तिला उगाच हसू आलं. त्यानं तिच्या गालावरचं पीठ बोटानं दाखवलं, तिनं नेमका दुसराच गाल पुसला, आणि या गडबडीत तिसरंही टोपण पडलं.

मावशी परतली ती दारातच थबकली. "बाटली फुटली की काय?" बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "कडूझार! अगं, व्हॅनिला जास्त झाला की कडूच लागणार. नाक काय गहाण टाकलं होतंस?"

गेली भट्टी! भाचीचे डोळे भरून आले. "सर्दी झालीय गं... यांना विचारून घातला."

मावशी वळली. "काय हो, तुम्हालाही सर्दी?"

तो कानापर्यंत लाल झाला. "नाही. पहिल्या टोपणालाच पुरेसा होता. पण तसं म्हटलं असतं तर... पाव घेऊन जावं लागलं असतं. मला जायचं नव्हतं."

भाची रडायचं विसरली. मावशीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मग आता सगळं तिप्पट घ्या आणि त्यात हे जिरवा. फेटतील हे साहेब. हात मोडेपर्यंत!"

एकाचे तीन केक झाले. मावशीनं एक तुकडा चाखला, "जमला," म्हणाली, आणि स्वतःचा एप्रन भाचीच्या गळ्यात अडकवला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पाव घ्यायला आला. तिनं भांडं पुढे केलं. "आधी हे हुंगा... मला सर्दी आहे ना अजून."

त्यानं हुंगलं. या खेपेला प्रामाणिकपणे म्हणाला, "पुरेसं आहे."

तिचा चेहरा उतरला. "नीट हुंगा हो. घाई कसली?"

"अगं," आतून मावशी ओरडली, "सकाळी माझं दूध करपलं, त्याचा वास वरच्या खोलीत पहिला तुला आला ना?"

आता लाल व्हायची पाळी तिची होती. तो भिंगाखालून हसत होता. "मग...?"

"मग काय," ती भांड्यात बघत म्हणाली, "मलाही तुम्हाला जाऊ द्यायचं नव्हतं."

पाव त्या दिवशीही काउंटरवरच राहिला.