वचनांचा लिलाव

"आफ्रिकेत लोकरीच्या टोप्या?"

दारातून आत आलेला माणूस टेबलावरची पाटी वाचून खो खो हसला, आणि नेरिसचं डोकंच फिरलं.

बाहेर भुरभुर पाऊस होता. समुद्राकडून तिरपा येणारा, छत्रीला न जुमानणारा. त्यातून सुटका म्हणून हा चॅपेलमागच्या सभागृहात शिरला होता. केसांतून पाणी निथळतंय, हातात सुताराची पेटी, नुकत्या पुसलेल्या फरशीवर बुटांचा चिखल... आणि वर दात काढून हसतोय!

"लेसोथो हे नाव ऐकलंय कधी?" टोप्यांचा ढीग छातीशी धरून नेरिसनं विचारलं.

"नाही बुवा."

"डोंगरातला देश आहे. हिवाळ्यात बर्फ पडतो तिथे. पोरं कुडकुडत शाळेत बसतात. हसा आता."

मग ढिगातली एक पिवळी, गोंडेवाली टोपी उचलून त्यानं स्वतःच्या ओल्या डोक्यावर चढवली. थेट कानांपर्यंत.

"चुकलो," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "आता तरी शहाणा दिसतोय का?"

नेरिसला हसायचं नव्हतं. अजिबात नव्हतं — पण हसू काय विचारून येतं?

त्याचं नाव रुआन. कॉर्नवॉलहून या अबरवेन गावी आला होता, बंदराच्या लाकडी धक्क्याची डागडुजी करायला. काम संपलं की दुसरं बंदर, दुसरा धक्का. नेरिस याच गावची. आठवडाभर गुरांच्या दवाखान्यात काम करायची आणि शनिवारी या सभागृहात राबायची. गावातली सात-आठ माणसं मिळून एक छोटीशी संस्था चालवत. लोक त्यांना सरळ 'लेसोथोवाले' म्हणत. जुने कपडे विकायचे, केक विकायचे, टोप्या विणायच्या, आणि तिकडच्या एका डोंगरातल्या शाळेत पोरांना दुपारचं गरम जेवण मिळेल एवढं जमवायचं. पगार कुणालाच नाही. चहा मात्र भरपूर.

पुढच्या शनिवारी रुआन पुन्हा आला. पाऊस नव्हता तरी आला!

"आज कशाला?" नेरिसनं भुवई उडवली.

"खुर्च्या डुगडुगतात तुमच्या. मागच्या वेळी बसलो तेव्हाच पाहिलं."

"खुर्च्या गेली वीस वर्षं डुगडुगतायत."

"म्हणजे मला यायला उशीरच झाला म्हणायचा."

मागे कपबश्या विसळणारी एलुनेड मावशी खोकली. नेरिसची सख्खी मावशी, संस्थेची सर्वेसर्वा, आणि उडत्या पाखराची पिसं मोजणारी बाई. तिला खोकला झाला नव्हता हे वेगळं सांगायला नको.

खुर्च्यांनंतर खिडकी झाली, खिडकीनंतर दार. मनुकांच्या पावाचे तुकडे विकायला ठेवलेले असत, त्यातला कडेचा करपट तुकडा रुआनला आवडतो हे नेरिसला कळलं आणि ती तो बाजूला काढून ठेवू लागली. पाण्याचं जडशीळ भांडं तिनं उचलायला घेतलं की दुसरा कान धरायला त्याचा हात आधीच तिथे असे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"एवढं विणतेस, मला कधी काही विणलं नाहीस," तो म्हणे.

"तू गरीब आहेस का?"

"फार. मनानं."

"मग मावशीकडे अर्ज कर."

असं चाललं होतं. छान चाललं होतं... आणि वसंतात धक्क्याचं काम संपलं.

"स्कॉटलंडला बोलावलंय," रुआन एका शनिवारी खिळे वेचता वेचता म्हणाला. "मोठं काम आहे. सोमवारी निघावं म्हणतायत. अजून हो कळवलं नाही."

"चांगलंय," नेरिस म्हणाली.

"चांगलंय ना?"

"हो. म्हणजे... मोठं काम आहे तर."

तो पुन्हा खिळे वेचू लागला. थांब! एवढंच तर तिला म्हणायचं होतं. पण माणसाच्या पोटापाण्याच्या आड आपण कोण येणार? आणि नाही म्हणाला तर? त्या दिवशी तिनं मनुकांचा पाव कापताना बोट कापून घेतलं.

त्याच शनिवारी दुपारी वार्षिक लिलाव होता. अबरवेनमध्ये वस्तूंचा लिलाव नसतो, वचनांचा असतो. कुणी बागेतलं गवत कापून देण्याचं वचन देतं, कुणी लग्नाचा केक करण्याचं. सगळ्यात मोठी बोली लावेल त्याला ते वचन, आणि पैसे शाळेला. जिंकणाऱ्यानं तिथल्या तिथे दिवस सांगायचा, वर्षाच्या आतला कुठलाही. वचन देणाऱ्यानं उभं राहून मान डोलवायची. एकदा मान डोलावली की वचन पाळावंच लागे. स्कॉटलंडचं बोलावणं येण्याआधीच रुआननंही एका दिवसाच्या कामाचं वचन देऊन ठेवलं होतं.

लिलाव पुकारायला इडवल काका. जन्मभर बाजारात मेंढ्या विकलेला माणूस, त्याला दुसरी भाषा कुठली येणार?

"आता हा रुआन!" काका गरजले. "एक दिवस, सांगाल ते काम! दात शाबूत, पाय मजबूत, खातो जरा जास्त. बोला!"

सभागृह खदखदलं. रुआनचे कान लाल झाले. नेरिसनं मान खाली घातली. बिनलग्नाच्या पोरीनं अशा माणसावर बोली लावायची म्हणजे गावभर दवंडीच की! आणि तो सोमवारी निघून गेला, तर वर्षभर लोक तिच्याकडे कीव करत बघणार.

एलुनेड मावशीनं हात वर केला. पोस्टातल्या प्रोबर्टबाईंनी लगेच वरची बोली लावली. मावशी आणखी वर गेली. प्रोबर्टबाई त्याहून वर. मागे झालेल्या जॅमच्या स्पर्धेपासून दोघींमधून विस्तव जात नव्हता, त्यामुळे लोकांना मोठी गंमत वाटली. आकडा चढत चालला.

"एकवार..." काकांनी हातोडा उचलला. "दोनवार..."

"मी!" नेरिस उभी राहिली. आकडाही तिनंच सांगितला, आणि तो तिचा तिलाच झेपणारा नव्हता.

मावशी मटकन खाली बसली.

"अगं बाई, किती वेळ लावलास! हाताला मुंग्या आल्या माझ्या."

"माझ्यासुद्धा," प्रोबर्टबाई म्हणाल्या.

हातोडा पडला. "बोल पोरी, दिवस कुठला? उद्याचाच घे, परवा निघाला तो."

"पुढच्या वर्षीचा," नेरिस म्हणाली. "लिलावाच्या आदल्या दिवसाचा."

"अगं, पण तो तर..."

"वर्षाच्या आतला कुठलाही. नियम तुमचाच ना, काका?"

रुआन उभा राहिला. मान मात्र डोलवेना.

"आणि तोवर मी काय करू?" त्यानं विचारलं.

"तोवर... धक्का मोडेल पुन्हा. नाही मोडला तर मी मोडीन."

लोक हसले. तो हसला नाही. खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "किती गावं केली मी, नेरिस. सगळ्यांनी निरोप दिला, प्रेमानं दिला. पण थांब असं कुणी म्हणालं नाही गं."

"मी तरी कुठे म्हटलं?"

"मग म्हण ना."

नेरिसनं आजूबाजूला पाहिलं. सगळं गाव माना वळवून तिच्याकडेच बघत होतं. म्हणजे आता लाजण्यात काही अर्थच उरला नव्हता.

"थांब," ती म्हणाली. मग आणखी मोठ्यानं, शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "थांब रुआन, जाऊ नकोस!"

आणि अख्ख्या गावासमोर रुआननं मान डोलावली.