वाटीतलं दही

“दादा, मी पुण्याले जाणार नाही!”

गजेंद्रच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला... धाकटी बहीण समता पुण्याच्या मोठ्या विद्यापीठात चालली म्हणून अख्ख्या गावात पेढे वाटून तो आत्ताच घरी आला होता, आणि ही पोरगी उंबऱ्यात उभी राहून म्हणते, जाणार नाही!

“काऊन? डोकंगिकं फिरलं का तुहं?”

“मी बुलढाण्याच्या कॉलेजात नाव घालून राह्यले.”

बुलढाण्याच्या! एसटीनं अर्ध्या तासावरचं ते लहानसं कॉलेज! गजेंद्रच्या अंतःकरणात कळ उठली. त्याच कॉलेजात पहिल्यांदा जायला तो एका सकाळी निघाला होता... निघताना हातावर ठेवायचं दही-साखर घेऊन आई दारात उभी होती, आणि तेवढ्यात वडील गेल्याचं सांगायला वावरातून माणसं धावत आली. ते दही वाटीतच राहिलं आणि त्याचं शिक्षणही! तेव्हापासून त्यानं दह्याला हात लावला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, मले आंबट चालत नाही. आणि कढी मात्र वाटीमागून वाटी भुरकायचा, लबाड कुठला!

“माह्यासाठी मागं राहू नको, समता!” त्याचा आवाज फुटला. “तू मोठ्या ठिकाणी शिकशील, एवढ्याच आशेवर मी वावरात राबलो गं... त्याचं असं मातेरं करते?”

“तुह्यासाठी नाही दादा, माह्यासाठी!” समताचेही डोळे भरून आले. “पुण्याचा वर्ग पाहून आलो ना आपण? सर माईकवरून बोलत होते. मी मागून हात वर केला, तो कोणाले दिसलाच नाही. अन् बुलढाण्याच्या मॅडमनं मले मायक्रोस्कोपजवळ बसवलं, आपल्याच सोयाबीनच्या पानावरची बुरशी दाखवली... मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या, माही बस निघून गेली तरी! मले तिथंच शिकू दे. पुढच्या शिक्षणाले जाईन ना पुण्याले, ते काही पळून नाही चाललं!”

गजेंद्रनं पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. किती वर्षं जिवापाड जपलं होतं त्यानं हे पुण्याचं स्वप्न... आणि ज्या बहिणीसाठी जपलं, तिला एकदाही विचारलं नव्हतं! त्याला एकदम हसू फुटलं, डोळे पुसता पुसताच.

“मंग गावाले काय सांगू? पेढे वापस मागू का?”

“सांग, पेढे दोघांचे होते,” चुलीपाशी बसलेली रुख्मिणी, त्यांची आई, म्हणाली. “तूही नाव घाल तिच्यासंगं. दुपारपर्यंतचं वावर तुहा गोविंदाकाका पाहून घेईन. मी विचारलं त्याले.”

“मी? या वयात?”

“मी तुह्या राहिलेल्या शिक्षणाचं सांगितलं, तं मॅडमनंच बोलावलं तुले,” समता म्हणाली. “म्हणे, दादाले घेऊनच ये!”

कॉलेज सुरू झालं त्या सकाळी दोघंही दारात उभी राहिली, हातांत एक नवी पिशवी आणि एक जुनीच, धुतलेली. रुख्मिणीनं समताच्या तळहातावर दही ठेवलं आणि वाटी घेऊन लेकासमोर आली.

“माय, मले आंबट...”

“गप! हात पुढं कर.”

त्यानं हात पुढं केला. किती वर्षांनी! दही तोंडात गेलं आणि गजेंद्रच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहू लागलं. समता हसत होती, रडत होती, आणि रस्त्यावर एसटी हॉर्न वाजवत होती.

“साखर कमी हाय, माय,” तो लहान लेकरासारखा म्हणाला.

रुख्मिणीनं आणखी एक चमचा दही त्याच्या हातावर ठेवलं.