सातव्या डब्याचं शेवटचं चाक

नाताळाआधीच्या उपासात मी खोटं बोलत नाही. तसबिरीपुढचा दिवा साक्षीला आहे. हे माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत घडलेलं आहे.

गेल्या वर्षीची बावीस नोव्हेंबर. दुपारचे चार. बल्गेरियाच्या डोंगरातलं आमचं लहानसं स्टेशन. धुकं इतकं, की फलाटावरून इंजिन दिसेना.

सासऱ्यांचं नाव मेतोदी. चाळीस वर्षं त्यांचं काम एकच. थांबलेल्या गाडीच्या चाकांवर हातोडी मारायची अन् आवाजावरून तडा ओळखायचा. पूर्वी माणसं दोन असत. गाडीच्या अलीकडच्या बाजूला मेतोदी, पलीकडच्या बाजूला स्तामेन. याने ठोका दिला की त्याने आपलं चाक आधी हलकेच वाजवून पाहायचं, अन् ठीक असेल तरच उत्तराचा मोठा ठोका द्यायचा. पलीकडून ठोका आला नाही, तर तिथलं चाक खोटं, तडा गेलेलं. गाडी हलवायची नाही.

मग रुळाशेजारी चाकं तपासणारं यंत्र बसलं. स्तामेनला घरी पाठवलं. वर्षाच्या आत तो वारला.

"यंत्र चुकलं तर झोप कुणाची उडणार?" सासरे चिडून म्हणायचे.

त्या दिवशी त्यांनी पहिल्या चाकावर हातोडी मारली.

ठण्ण.

आणि पलीकडून...

ठण्ण.

त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. वाकून डब्याखालून पाहिलं.

पलीकडे पाय नव्हते. नुसतं धुकं.

दुसरं चाक. तिसरं. प्रत्येक ठोक्याला ठोका... किंचित उशिरा येणारा. स्तामेनचा गुडघा दुखायचा, तो असाच मागे पडायचा.

सातव्या डब्याच्या शेवटच्या चाकावर हातोडी पडली...

पलीकडून काहीच नाही.

पुन्हा मारली.

काहीच नाही.

ते वळसा घालून पलीकडे गेले. कुणी नव्हतं. तिथलं चाक स्वतः वाजवलं. स्वच्छ वाजलं.

तरी ते स्टेशनमास्तर कालिनकडे गेले. "हा डबा काढ."

"का? यंत्र ठीक म्हणतंय."

"स्तामेनने ठोका दिला नाही."

तिशीतला कालिन हसला. "मेतोदीकाका, सकाळीच घेतली वाटतं! स्तामेनला पुरून तीन वर्षं झाली. बरं, लेखी द्या चाक खोटं आहे म्हणून. लगेच काढतो."

लेखी काय देणार? चाक तर वाजत होतं. खिडक्यांतून लोक ओरडत होते. सासऱ्यांना लाज वाटली.

त्यांनी 'सर्व ठीक' खाली सही केली.

गाडी सोफियाला सुखरूप पोहोचली. दुसऱ्या दिवशी सगळं स्टेशन हसलं.

पण तेव्हापासून पलीकडून ठोका आलाच नाही. एकाही चाकाला नाही.

"रुसला तो," सासरे म्हणतात. "त्याचं सोडून मी यंत्राचं ऐकलं."

लाजेपायी त्यांनी त्या डब्याचा नंबरही टिपला नाही. डबे रोज मागेपुढे होतात. तो आता कितवा लागतो, कुणालाच ठाऊक नाही.

माझी लेक नेव्हेना त्याच गाडीने रात्रपाळीला जाते. निघताना थट्टेनं विचारते, "आजोबा, आज कुठल्या डब्यात बसू?"

सासरे हातातला पाव खाली ठेवतात.