उद्धट ठरलेला शब्द

चार्वीने कट्ट्यावर एक प्रश्न विचारला आणि कोणी वाचायच्या आतच तो नाहीसा झाला.

कट्ट्याचं नाव ‘अळंबी ओळख’. तिच्या आजीने, विमलआजीने, तो नेटवर सुरू केला होता. रानात उगवलेल्या अळंबीचा फोटो टाकायचा आणि ती कुठली हे जाणकारांना विचारायचं, एवढंच. पहिली काही वर्षं तिथे जेमतेम चाळीस माणसं होती. मग एका वाहिनीवर कट्ट्याची बातमी आली आणि माणसं लोटली. आता ती चाळीस हजार होती. गेल्या वर्षी आजी वारली. तेव्हापासून आजीच्या टेबलावरचा छोटा यंत्रमानव, राखण्या, एकटाच कट्टा सांभाळत होता.

त्या सकाळी संगमेश्वरजवळच्या ललिता गुरव यांनी सूपभर पांढऱ्या अळंबीचा फोटो टाकला होता. घरात सात माणसं आहेत, दुपारी भाजी करते आहे, चालेल ना, असं त्यांनी विचारलं होतं. खाली उत्तरांची रांग होती. मस्त. बिनधास्त खा. आम्हालाही पाठवा. प्रत्येक उत्तराला शेकडो अंगठे.

चार्वीने फोटो मोठा करून पाहिला. खायची अळंबी वारुळावर उगवते, तिचा देठ खाली वारुळात खोल गेलेला असतो, हे आजीने तिला उकरून दाखवलं होतं. या अळंबीच्या देठाला मैदानातलं गवत चिकटलेलं होतं. म्हणून तिने लिहिलं, ‘ही खायची आहे, हे कशावरून?’

“उद्धट बोलणं पुसलं जातं,” राखण्या म्हणाला. “‘कशावरून’ या शब्दाबद्दल सदस्यांच्या पुष्कळ तक्रारी आहेत.”

चार्वी आजोबांकडे, म्हणजे आबांकडे धावली. आबा समूहशास्त्रज्ञ होते (मुंग्या, पक्षी, माणसं घोळक्यात कशी वागतात, याचा अभ्यास करणारे). आजी गेल्यापासून त्यांनी कट्टा एकदाही उघडला नव्हता. चार्वीने पडदा समोर धरला तेव्हा त्यांनी आधी मान फिरवली. मग फोटो पाहिला आणि राखण्याला ललिताबाईंना फोन लावायला सांगितलं.

ललिताबाई कांदा चिरत होत्या. आबा थांबा म्हणाले, ते त्यांना काही पटेना. चारशे माणसं खा म्हणतायत, तुम्ही दोघं नको म्हणता, मग मी ऐकू कोणाचं, असं त्या म्हणाल्या. आबांनी फोन चार्वीकडे दिला.

“मी नको म्हणत नाहीये, काकू,” चार्वी म्हणाली. “मला माहीतच नाहीये. त्या चारशेंना तरी माहीत आहे का, तेवढं विचारतेय.”

पलीकडे विळीचा आवाज थांबला.

चार्वीने त्यांना एका अळंबीची टोपी काढून पांढऱ्या ताटलीवर उपडी ठेवायला सांगितली. काही तासांनी टोपीखाली बीजाणू पडतात (बीजाणू म्हणजे बुरशीचं बी म्हणता येईल अशी बारीक भुकटी). भुकटी हिरवट निघाली, तर भाजीला हात लावायचा नाही. भुकटी पांढरी निघाली म्हणूनही खायचं नाही, आधी जाणकाराने हातात घेऊन बघायचं. ललिताबाई म्हणाल्या, पोरं भुकेली आहेत, पण थांबते. आज पिठलं करते.

आता वाट पाहायची होती. चार्वीला एक कोडं सुटत नव्हतं. चाळीस माणसं होती तेव्हा उत्तरं बरोबर यायची. चाळीस हजार झाल्यावर ती जास्त बरोबर यायला हवीत. मग ही सगळी नवी माणसं मूर्ख आहेत का?

“मूर्ख नाहीत,” आबा म्हणाले. त्यांनी कपाटातून एक डबा काढला. त्यात तांदळाएवढ्या यंत्रमुंग्या होत्या. प्रत्येक मुंगीला दोनच नियम शिकवलेले होते: आजूबाजूला पाहून जास्त जणी जे करतात ते करायचं, आणि पुन्हा पुन्हा एकटी पडली तर दिवा बंद करून बाजूला बसायचं. आबांनी थोड्या मुंग्या टेबलावर सोडल्या. त्यांचे दिवे निळे होते. निळा म्हणजे उत्तर देण्याआधी ‘कशावरून’ विचारायची सवय.

त्यांनी पांढऱ्या दिव्याची एक मुंगी सोडली, म्हणजे ती सवय नसलेली नवखी. चारी बाजूंनी निळ्या पाहून ती निळी झाली. दुसरी सोडली, तीही झाली. मग आबांनी अख्खा डबा उपडा केला.

पांढऱ्या मुंग्यांच्या शेजारी आता पांढऱ्याच होत्या. नव्यांकडून नव्या शिकत होत्या. निळ्यांपैकी काही पांढऱ्या झाल्या. काही कडेला सरकल्या आणि दिवा बंद करून बसल्या.

“या कोण?” चार्वीने विचारलं.

“ज्यांना येतं त्या. तेच तेच सांगून दमल्या. भांडल्या नाहीत, म्हणून त्या गेल्याचं कोणाला कळलं नाही.”

अंगठ्यांचंही त्यांनी समजावलं. मस्त म्हणायला काहीच यावं लागत नाही, म्हणून ते हजार जण म्हणतात आणि ते वर जातं. देठ तपासा, असं म्हणणारा एकटा असतो, म्हणून तो खाली राहतो. जुन्या चाळिसांत ‘कशावरून’ हा रोजचा शब्द होता. नव्यांना तो टोमणा वाटला. त्यांनी तक्रारी केल्या. राखण्याने तक्रारी मोजल्या आणि शब्द बंद केला. त्याला मोजण्यापलीकडे काही येत नव्हतं.

संध्याकाळी ललिताबाईंनी ताटलीचा फोटो पाठवला. ताटलीवर फिकट हिरवी भुकटी होती. खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘पुरून टाकली.’

आबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग म्हणाले, कट्टा बंद करावा, असं माझ्या मनात होतं.

“बंद केला, तर उद्या कोणी काकू कोणाला विचारतील?” चार्वी म्हणाली.

आबांनी त्या डब्यातल्या मुंग्या पुन्हा मांडल्या. या वेळी लहान लहान घोळके केले आणि प्रत्येकात आधी निळ्या ठेवल्या, मग एकेक पांढरी सोडली. सगळे घोळके हळूहळू निळे झाले. दार बंद करायची गरज नव्हती. आत येणाऱ्याच्या शेजारी कोणीतरी जाणतं बसलेलं असायला हवं होतं.

चार्वीने तसे छोटे कट्टे करायला राखण्याला शिकवलं आणि तो शब्दही मोकळा केला. मग तिने आणि आबांनी जुन्या माणसांना संदेश पाठवले. खेडच्या यशवंत धाडव्यांचं उत्तर आलं, ‘आम्ही गेलो कुठे? बोलायचं सोडलं होतं.’ सगळे परतले नाहीत. जे परतले, त्यांच्यापासून सुरुवात झाली.

पुढच्या आठवड्यात धाडव्यांच्या छोट्या कट्ट्यावर एक नवा सदस्य आला. काय येतं, या रकान्यात त्याने ‘काही नाही’ असं लिहिलं होतं. ते आबा होते. घरात इतकी वर्षं अळंबीचं बोलणं चालायचं, पण ती ओळखायला ते कधी शिकले नव्हते. त्यांनी परसातल्या ओंडक्यावरच्या एका तपकिरी छत्रीचा फोटो टाकला. धाडव्यांनी नाव सांगितलं नाही. टोपीखाली पडदे आहेत की बारीक भोकं, ते बघून या, असं लिहिलं.

विमलआजीचं भिंग खिडकीत होतं. ते घेऊन आबा परसात गेले आणि ओंडक्यापाशी उकिडवे बसले.