म्हातारी वाकली पाहिजे

पेलोनोमी थंडगार आल्याचं पेय घेऊन दुकानातून बाहेर आली, तेव्हा मामाच्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले होते.

पायांत बूट होते, बुटांना नाड्या नव्हत्या. बाकीचा माणूस गाडीखाली असावा, निदान तशी आशा होती.

“अहो पाय,” ती म्हणाली, “जिवंत आहात, की मामाला काय सांगायचं ते मी ठरवायला घेऊ?”

“श्श…” पाय म्हणाले. “ऐका. श्वास घेतेय ती.”

पेलोनोमी चांगली फणकारणार होती. पण तिने खाली वाकून कान दिला. पुढच्या डाव्या चाकाच्या आतून बारीक, लांब सुस्कारा येत होता… झोपलेल्या गाईसारखा. लहानपणापासून ती या गाडीत बसत होती, गेली काही वर्षं चालवतही होती. गाडीला श्वास आहे हे मात्र तिला आजच कळत होतं.

सरपटत एक तरुण बाहेर आला. पापण्यांवर धूळ, चेहऱ्यावर देऊळ पाहून आल्यासारखा भाव. त्याचं नाव ओतेंग. माऊन शहरात जंगल सफारीच्या तळांच्या गाड्या दुरुस्त करायचा, आणि सुटीला बोटेटी नदीकाठच्या या गावी आत्याकडे आला होता.

“पुढचे दोन्ही हवेचे फुगे झिरपतायत, हा तर चिरलाच आहे,” तो म्हणाला. “या गाडीला स्प्रिंगा नाहीत. चार कोपऱ्यांना चार रबरी फुगे, आत हवा. एवढं सगळं लोखंड नुसत्या हवेवर उभं आहे! नवल नाही वाटत तुम्हाला?”

“मला नवल वाटतंय ते परक्याच्या गाडीखाली न विचारता शिरणाऱ्या माणसाचं.”

“वाकडी उभी होती हो. दाढ दुखणाऱ्या माणसासारखी. मला बघवेना…”

त्याने तिच्या हातातल्या पेयाकडे पाहिलं. तिने बाटली पुढे केली. का केली, ते तिला पुढे बरेच दिवस समजलं नाही.

मामाच्या या गाडीला गावात म्हातारी म्हणत, आणि तिचा मान एखाद्या थोरल्या चुलत्याएवढा होता. मुलीला मागणी घालायला मुलाकडची वडीलधारी मंडळी सूर्य उगवायच्या आत येतात. पुरुष कोटात, बायका चौकड्यांच्या शालीत. मुलीकडचे त्यांना फाटकाबाहेर मुद्दाम ताटकळत ठेवतात. म्हातारीतून गेलेली मंडळी अशी ताटकळत असली, की म्हातारी हळूहळू पुढचे गुडघे टेकल्यासारखी वाकायची. गाडी नमस्कार करतेय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? म्हातारीतून गेलेली मागणी कधी फिरलीच नव्हती. एकदा तर मंडळी नवऱ्या मुलाचं नाव सांगायलाच विसरली होती, तरी होकार मिळाला होता.

“हल्ली तिला फार धाप लागते,” डिटिरो मामा ओतेंगला म्हणाले. “कर बरी. पण एक सांगतो, तिचं वळण बिघडवू नकोस.”

“वळण उत्तम घेते, मामा. स्टिअरिंगला काही झालेलं नाही.”

मामांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ते गुरांकडे निघून गेले.

फाटकाबाहेर काटेरी बाभळीखाली गाडी नेहमी उभी राहायची. तिथेच ओतेंगने पुढच्या चाकांच्या मध्ये आडवं झोपता येईल एवढा खड्डा खणला. साबणाचं पाणी केलं. पेलोनोमीने ते फुग्यावर ओतलं, आणि चिरेतून बुडबुडे उमलायला लागले… एकामागून एक, प्रत्येकात एक इवलीशी बाभूळ, एक इवलासा ओतेंग.

“किती सुंदर बिघडलीय!” तो पुटपुटला.

“माझ्याबद्दल कुणी असं कधी बोललं नाही,” ती म्हणाली.

“तुम्ही कुठे बिघडलाय?”

“वेळ द्या.”

माऊनच्या भंगारातून त्याने चांगले फुगे शोधून आणले. हवा भरणाऱ्या पंपाला नवा जीव दिला. फुग्याची हवेची नळी कशी काढायची तेही तिला शिकवलं. “टोकाची कडी आत दाबायची, मग ओढायची. जोर नाही लावायचा. लाजऱ्या माणसाशी बोलतो तसं.”

“म्हणजे तुझ्याशी.”

‘तुम्ही’ तिथेच कुठेतरी वाळूत पडलं. कुणी उचललं नाही.

मग त्याने इंजिन चालू केलं. “हात ठेव तिच्यावर. ठेव ना!”

पेलोनोमीने बॉनेटवर तळवा टेकला. आधी काहीच झालं नाही. मग लोखंड तिच्या हाताखाली वर यायला लागलं. पहाटे हत्तीण उठावी तसं… आधी मागून, मग पुढून, सावकाश, कुणाचीही घाई न मानता. तिच्या अंगावर काटा आला. फांदीवरची गिनी कोंबडीसुद्धा ओरडायची थांबली. तिने वळून पाहिलं तर ओतेंग गाडीकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, तोच देऊळ पाहिल्यासारखा चेहरा करून.

“काय बघतोस?”

“काही नाही… उठली.”

महिना सरला नाही तोच ओतेंगचे बाटसीले काका टोपी हातात धरून मामांकडे आले.

“गाडी हवी होती. मागणी घालायला जायचंय.”

“कुणाकडे?”

काकांनी खाकरून घेतलं. “तुमच्याकडे.”

मामा जराही हसले नाहीत. “न्या. आदल्या दिवशी तुमच्या गोठ्यावर न्या आणि पहाटे घेऊन या. पण नियम सगळ्यांना सारखा. म्हातारी वाकली तर बोलू. नाही वाकली तर मी समजेन, तिला स्थळ पसंत नाही.”

आणि म्हणून त्या पहाटे मामाची गाडी दूरवर जाऊन मामाच्याच दारी पाहुणी आली. आपल्या नेहमीच्या जागी, खड्ड्यावर, फाटकाकडे तोंड करून उभी राहिली. काका आणि मंडळी वाळूत बसली. मामा फाटकाच्या आत खुर्ची टाकून गाडीकडे बघत बसले.

मागणीच्या वेळी मुलीने दिसायचं नसतं. पेलोनोमी घराच्या कुडाआडून बघत होती. तांबडं फुटायला लागलं. म्हातारी ताठ. कोंबडा आरवला. म्हातारी ताठच. शाळेचा फोटो काढतात तशी.

“माझीच गाडी,” मामा हळू आवाजात म्हणाले, “आणि माझ्याच दारात ताठ मानेने?”

पेलोनोमीला एकदम उमगलं. म्हातारी इतकी वर्षं नमस्कार करतच नव्हती, तिची हवा जात होती! आणि त्या वेड्याने तिला अगदी ठणठणीत केलं होतं. मामा खुर्चीतून उठले तर सगळं संपलं. एकदा फिरवलेली मागणी ते पुन्हा ऐकून घेणार नव्हते.

ती कुंपणाच्या मागून वाकून पळाली, बाभळीखालच्या अंधारात पोटावर पडली आणि सरपटत खड्ड्यात उतरली.

खड्ड्यात आधीच कुणीतरी होतं.

“तू?” ती कुजबुजली. “नवऱ्या मुलाने मागणीला यायचं नसतं!”

“मी आलोच नाहीये. मागच्या सीटखाली शालीत होतो. वाटेत डोक्यात प्रकाश पडला… मामा कुठल्या वळणाबद्दल बोलत होते त्याचा.”

“आता काय करतोयस?”

“नीट केलेली गाडी बिघडवतोय. आयुष्यात पहिल्यांदा.”

“कुणासाठी?”

अंधारात तो उजवीकडे सरकला. मग म्हणाला, “उजवी नळी मी ओढतो. डावी तुझी. एकदमच ओढू. एकच बाजू वाकली तर तो नमस्कार नाही होणार, टोमणा होईल.”

तिने कडी चाचपली. दाबली. लाजऱ्या माणसाशी बोलावं तशी.

फुस्स्स…

बाहेर कुणीतरी ‘आई गं’ म्हणालं. म्हातारीने पुढचे गुडघे टेकले. बंपर वाळूला लागला, खड्ड्यावर झाकण बसलं आणि उजेड गेला.

“आम्ही पाण्याची तुंबी मागायला आलोय,” वरून काकांचा कापरा आवाज आला. मुलगी मागायची ती हीच रीत.

“नळी परत लाव,” ओतेंग पुटपुटला, “नाहीतर इथेच संसार थाटावा लागेल.”

अंधारात तिला नळीचं तोंड सापडेना. आपली नळी बसवून त्याने तिच्या हातावर हात ठेवला. दोघांनी मिळून दुसरी नळी आत ढकलली, आणि ती बसल्यावरही हात तिथेच राहिले.

“पेलोनोमी… त्या दिवशी म्हातारी उठली ना, तेव्हा मला वाटलं, माझ्याच छातीत कुणीतरी हवा भरतंय.”

“मग?”

“मग अजून गळती सापडलेली नाही.”

“शोधू नकोस,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात थोडी वाळूही होती.

मग मामांचा आवाज आला. “म्हातारी वाकली. तुंबी दिली. आता गाडी आत घ्या, पाहुण्यांना सावली नको का?”

“नको!” खड्ड्यातून दोन आवाज एकदम आले. पण तोवर काकांनी किल्ली फिरवली होती.

म्हातारी उठायला लागली. वाळूवरून लोखंड सुटलं, खाली सोन्याच्या पट्टीसारखा सूर्य शिरला. ती पट्टी रुंद होत होत त्यांच्या हातांवर आली, मग चेहऱ्यांवर. वडीलधारी मंडळी वाकून बघत होती. काका इंजिन तसंच चालू ठेवून उतरले आणि तेही वाकले. धुळीने पांढरे झालेले दोन जीव डोळे मिचकावत खड्ड्यातून बाहेर रांगले.

मामांनी हळूच टोपी काढली.

“इतकी वर्षं नमस्कार करत होती,” ते म्हणाले. “आज व्यायली.”

“पुला!” काका ओरडले. पाऊस पडो, बरकत येवो… सगळ्यांनीच तो आशीर्वाद उचलून धरला. शालीतल्या बायकांनी आनंदाची किलकारी दिली. ओतेंगने पेलोनोमीचा हात अजून सोडला नव्हता. मामांच्या ते लक्षात आलं. त्यांनी त्याला नाड्या नसलेल्या बुटांपासून धुळकट केसांपर्यंत सावकाश न्याहाळलं.

“सगळं ठीक आहे,” ते म्हणाले. “पण मागणी घालायला आलास, आणि कोट कुठाय?”