ओरेलियाबाई गेल्या कुठे?

"आई घरात नाहीये!" फोनवर एमिल सांगिओर्जोचा आवाज कापत होता. "दहा वाजता तिला न्यायला गाडी येतेय, आणि आई घरातच नाहीये!"

इन्स्पेक्टर मिरेय रापेर सात मिनिटांत पोचली. मोनाकोत कुठूनही कुठेही जायला त्याहून जास्त लागत नाही. बोळ एका बाजूनं बंद होती आणि तोंडावर कॅमेरा होता. आत एकच जुनं दुमजली घर उरलं होतं. बाकी सगळे काचेचे मनोरे.

पन्नाशीचा एमिल दारातच उभा होता.

"गाडी कुठे नेणार होती त्यांना?"

"स्वित्झर्लंडला. वृद्धाश्रमात. आईचं डोकं ठिकाणावर नाही, मॅडम. कोर्टानं मला तिचा पालक नेमलंय."

"आणि हे घर?"

"पाडायचंय."

शोध घेताना मिरेयला दिसलं, की ओरेलियाबाईंचा पलंग नीट आवरलेला होता. औषधांचा डबा जागेवर नव्हता. काठी मात्र भिंतीला टेकून उभी होती.

"काठीशिवाय चालतात?"

"चार पावलंही नाही. कुणीतरी उचलून नेलंय तिला!"

स्वयंपाकघरात दुल्से भांडी पुसत होती. ही पोर्तुगीज मोलकरीण बावीस वर्षं या घरात कामाला होती. राहायची मात्र वरच्या रस्त्यापलीकडे, बोसोलेयमध्ये. तो रस्ता ओलांडला की फ्रान्स.

"काल किती वाजता निघालात?"

"पाचला. बाई पलंगावर आडव्या झाल्या होत्या."

"कुणी आलं होतं?"

"ह्या घरी कोण येतंय, मॅडम? साहेबसुद्धा तीन महिन्यांनी उगवले."

एमिलनं तिच्याकडे जळजळीत पाहिलं.

तेवढ्यात कॅमेरे तपासणाऱ्या हवालदार फाबियाँचा फोन आला. मिरेयनं स्पीकर लावला.

"काल सकाळी पावसात मोलकरीण आत आली, मॅडम. पिवळा रेनकोट. दीडला बाहेर पडली, डोक्यावर टोपी ओढून, छत्री टेकत. पाचला निघाली तेव्हा रेनकोट नव्हता, साधा स्वेटर. बाकी बोळीत चिटपाखरू नाही. म्हातारी तर नाहीच."

"दीडला पाऊस होता?"

"छे! लख्ख ऊन."

"आणि दीड ते पाचमध्ये दुल्से परत आत कधी आली?"

पलीकडे कळफलकाची टकटक झाली.

"आलीच नाही, मॅडम."

मिरेयचं कोडं सुटलं होतं. उत्साहाच्या भरात ती तिथेच बोलून गेली.

"उन्हात टोपी कशाला? चेहरा झाकायला. छत्री जमिनीला टेकत कशाला? काठी ओळखू आली असती म्हणून. दीडला गेली ती दुल्से नव्हती, साहेब. दुल्सेचा रेनकोट घालून तुमच्या आई स्वतःच्या पायांनी चालत गेल्या. कुठे, ते दुल्सेच सांगेल. कारण रेनकोट तिनंच दिला."

दुल्सेनं फडकं खाली ठेवलं.

"हो. मीच दिला. माझ्याच घरी आहेत त्या."

"युक्ती कुणाची?"

"बाईंची. कॅमेरा कसा बघतो, पाऊस कधी येईल, सगळं त्यांनीच हिशेबात धरलं. मी नुसती दिवसभर घरात बसले."

मिरेय एमिलकडे वळली. "डोकं ठिकाणावर नसलेली बाई हे करते? तीन महिन्यांत तुम्ही त्यांना भेटला नाहीत. कोर्टाला काय सांगितलंत?"

एमिलची नजर क्षणभर ढळली. तेवढ्यावरून तिला कळलं, की आईचं डोकं बिघडल्याचं खोटं त्यानंच रचलं होतं.

"जे कागदावर आहे, तेच," तो म्हणाला. फोन आधीच कानाला लागला होता. फ्रेंच पोलिसांना तो दुल्सेचा पत्ता देत होता.

"थांबा! मी कोर्टाला कळवते..."

"कळवा ना. आठवडे लागतील. गाडी दहाला आहे."

मिरेय पायऱ्या चढत धावली. रस्त्यापलीकडे, फ्रान्समध्ये, तिचं ओळखपत्र म्हणजे नुसता पुठ्ठा होता.

दुल्सेच्या घरी, तळमजल्यावरच्या खोलीत, ओरेलियाबाई पालेभाजी निवडत बसल्या होत्या. मिरेयला पाहून त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"तू शोधलंस?"

"हो."

"कशावरून गं?"

"छत्रीवरून... आणि तुम्ही परत आत गेला नाहीत, त्यावरून."

म्हातारीनं मान हलवली. "हां. ते राहिलंच माझ्याकडून."

बाहेर गाडीचं दार आपटलं. एमिलचा आवाज आला.

"मी त्यांना सांगते, तुम्ही शहाण्या आहात," मिरेय म्हणाली. "सगळ्यांना सांगते."

"सांग," ओरेलियाबाई म्हणाल्या. उठायला त्यांना आधार हवा होता. मिरेयनं हात पुढे केला. दुसरं काही तिच्या हातात नव्हतं.