ओली कांडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. पुढं हसू येणार नाही. ही मच्छे गावच्या केदारीची गोष्ट. केदारी काही थापाड्या नव्हता. उलट खरं बोलून चार ठिकाणी वाईट झालेला माणूस. साल एकोणीसशे चौतीस, पौषातली अमावस्या. केदारी गाडीत जळण भरून शहापूरच्या रंगाऱ्याकडे गेला होता. नेहमीचंच काम. पण त्या दिवशी परतीच्या रिकाम्या गाडीतून त्याला एक म्हातारी आणायची होती.

म्हातारीचं नाव गुणाबाई. केदारीच्या शेजारच्या मालुबाईची आई. वडगावात लेकाकडे, यमनाप्पाकडे राहायची. राहायची कसली, राबायची. यमनाप्पा मागावर लुगडी विणायचा आणि ही दिवसभर रहाट फिरवून त्याच्यासाठी कांड्या भरायची. कांडी म्हणजे सूत गुंडाळलेली नळी, ती मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते. आधी पाण्यात भिजवतात, म्हणजे वीण घट्ट येते. सूत तुटलं की यमनाप्पा तोच लाकडी धोटा आईच्या बोटांवर हाणायचा. जेवण एक वेळ, झोपायला जळणाची खोप. "डोळं गेलं की देवळाच्या पायरीवर नेऊन बसवतो तुला," असं तोंडावर सांगायचा. पोटचा पोर!

मालुबाईनं आईसाठी दिलेली भाकरी पोचवायला केदारी जायचा. ती सुजलेली बोटं पाहून त्याचं डोकं फिरलं. पंचांकडे गेला. पंच म्हणाले, "घरातलं भांडण घरात मिटंल. तू कोण रं मधी?" चौकीत गेला. शिपाई म्हणाला, "म्हातारीला येऊन सांगू दे." आणि म्हातारीला विचारावं तर ती म्हणणार, "न्हाणीत पडलो रं बाबा." आता काय करायचं, सांगा! धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

शेवटी एकदाची ती लेकीकडे यायला कबूल झाली. केदारी म्हणाला, "मग बस गाडीत. आत्ताच."

"आत्ता न्हाय. लुगडं अर्ध्यावर हाय. कांड्या भरणारा हात बदलला की लुगड्यात पट्टा दिसतोय. व्यापारी माघारी देईल. मग पोर खाईल काय?"

"त्या पोरानं बोटं मोडली तुझी, आक्का!"

"व्हय. पर लुगडं मागावरनं उतरू दे. अमावस्येला माग बंद असतोय. त्या सांजंला येतो."

केदारी चरफडला, पण त्यानं ऐकलं. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. उचलून गाडीत घालायला हवी होती तिला!

तर अमावस्येला, दिवेलागण झाल्यावर, तो वडगावाबाहेर चिंचेखाली गाडी लावून थांबला. थंडी मरणाची. वाट बघून बघून तो वैतागला. आता शिवी हासडणार, तोच अंधारातून गुणाबाई आली. डोक्यावर पदर. हातात गाठोडं नाही. न बोलता मागनं गाडीत चढली. बैल पाय उचलेनात. शेपट्या पिरगाळल्या तेव्हा कुठं हलले.

रस्ताभर केदारीचं तोंड सुरू. पंचांना शिव्या, शिपायाला शिव्या, यमनाप्पाच्या सात पिढ्यांचा उद्धार. "आता कोण हात लावतोय तुला, बघतो! मालुबाईनं पाणी तापवून ठिवलंय. भात टाकलाय."



पिरनवाडी मागं पडली. रस्त्याला चिटपाखरू नाही. आणि मागनं आवाज यायला लागला. कुर्र... कुर्र... केदारीला वाटलं, चाकाला वंगण पाहिजे. त्यानं गाडी थांबवली.

चाक थांबलं.

आवाज थांबला नाही.

"आक्का... रहाट घेऊन आलीस व्हय?"

...

त्यानं पुन्हा विचारलं, "लुगडं उतरलं न्हवं?"

कुर्र... कुर्र...

मग उत्तर आलं. अगदी कानाशी.

"वीतभर... ऱ्हायलंय."

केदारीनं वळून पाहिलं.

गाडी रिकामी.

बैल उधळले ते थेट मच्छेत येऊन थांबले. मालुबाई कंदील घेऊन दारात उभी. "केदारीअण्णा, आई कुठं हाय?"

केदारीनं रिकाम्या गाडीकडं बोट केलं.

उजाडताच दोघं वडगावला गेली. गुणाबाई अमावस्येच्या पहाटेच गेली होती. लुगडं वेळेत उतरावं म्हणून यमनाप्पानं तिला आदली सारी रात्र रहाटावर बसवलं, आणि तिथंच तिनं मान टाकली. दुपारच्या आत तो तिला जाळून मोकळा. लेकीला निरोपसुद्धा नाही! केदारीनं त्याची गचांडी धरली, तर तेच पंच आता धावत आले. "सोड त्येला. म्हातारी म्हातारपणानं गेली. घरातलं हाय." म्हातारी जिवंत असताना एकानंही पाय उचलला नव्हता. यमनाप्पाचं कुणी काही वाकडं केलं नाही. सांगताना आजही अंगाचा तिळपापड होतो.

घरी आल्यावर मालुबाईनं गाडी झाडली. गवताखाली एक कांडी निघाली. वीतभर विणायला पुरेल एवढंच सूत, एकसारखं भरलेलं. आईचाच हात, लेकीनं लगेच ओळखला. कांडी ओली होती. मालुबाईनं ती पदरानं पुसली. उन्हात ठेवली. चुलीच्या उबदार वैलावर ठेवली.

त्यानंतर कैक उन्हाळे गेले. केदारीही गेला. कांडी अजून मालुबाईच्या कोनाड्यात आहे. मच्छेकडे कधी गेलात तर हात लावून बघा.

बोटांना पाणी लागेल.